दोन तारांमधला फरक : मायक्रोकंट्रोलर ते सर्व्हो ड्राइव्ह

मागच्या व्याख्यानात आपण सर्व्हो मोटर आणि तिचा एन्कोडर पाहिला. शेवटी बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता, की हे सगळं ठीक आहे, पण आमच्याकडच्या छोट्या कंट्रोलर बोर्डवरून त्या ड्राइव्हला हुकूम द्यायचा कसा? वायर कुठे लावायची? आज फक्त तेवढंच. विषय दोन तारांचा आहे, पण या दोन तारांनी आम्हाला तीन आठवडे झोपू दिलं नव्हतं, म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

भोसरीला एका शेडमध्ये लाकडी देव्हारे बनवणारे एक काका आहेत. त्यांच्या राउटर मशीनचा जुना कंट्रोलर गेला. नवीन घ्यायचा तर खर्च मोठा, म्हणून आम्ही तिघांनी एसटीएम३२ जातीच्या स्वस्त बोर्डवर त्यांना कंट्रोलर करून दिला. आमच्या टेबलावर सगळं झकास चाललं. अर्ध्या फुटाच्या जंपर वायरी, समोर ड्राइव्ह, मोटर अगदी मोजून फिरायची. मशीनवर बसवलं आणि गणपतीच्या आधी तीन आठवडे काकांचा फोन आला, "अहो, वेल कोरता कोरता मशीन सरकतंय. सागवानाची चौथी फळी वाया गेली." आम्ही गेलो. बघितलं तर खरंच, तासाभराच्या कोरीवकामात नक्षी एका बाजूला दोन-अडीच मिलिमीटर सरकलेली. दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूला. काकांनी तोवर स्वतःच्या खिशातून कपलिंग बदललं होतं, बॉल स्क्रू उघडून ग्रीस केलं होतं. दोष त्यांच्या मशीनचा नव्हता, आमच्या वायरींचा होता. पण हे कळायला वेळ लागला, आणि तो का लागला हाच आजचा विषय आहे.

तर पहिल्यांदा, कंट्रोलर ड्राइव्हला सांगतो काय? सगळ्यात साधी पद्धत म्हणजे पल्स आणि दिशा. एका जोडीवर पल्स जातात, दुसऱ्या जोडीवर दिशा. एक पल्स म्हणजे ठरलेलं एक पाऊल. काकांच्या मशीनवर एका फेऱ्याला ५००० पल्स, आणि स्क्रूचा पिच १० मिलिमीटर. म्हणजे एक पल्स ०.००२ मिलिमीटरचा. मोटर मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५० फेरे फिरवायची तर ५० गुणिले ५०००, सेकंदाला अडीच लाख पल्स. २५० किलोहर्ट्झ. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जाता जाता, आर्डुइनो उनोवर चालणारं ग्रबल सुमारे ३० किलोहर्ट्झपर्यंत पल्स देतं. तेवढ्यात आपली ही मोटर सेकंदाला सहाच फेरे फिरेल. ड्राइव्हमधलं इलेक्ट्रॉनिक गिअर बदलून वेग वाढवता येतो, पण मग एका पल्सला पाऊल मोठं पडतं. फुकट काही मिळत नाही.

आता आम्ही केलेली चूक. बोर्डची पिन थेट ड्राइव्हच्या 'पल्स प्लस' ला लावली आणि 'पल्स मायनस' ग्राउंडला. इंटरनेटवरची निम्मी चित्रं असंच दाखवतात. ड्राइव्हच्या आत त्या दोन टर्मिनलांमध्ये काय असतं हे बघूया. बहुतेक ड्राइव्हमध्ये तिथे ऑप्टोकपलर असतो, म्हणजे एक छोटा एलईडी आणि समोर प्रकाश ओळखणारा भाग. एलईडीच्या मालिकेत एक रेझिस्टर, समजा २२० ओहम. एलईडी पेटला की पल्स आला. पेटायला त्याला साधारण दीड व्होल्ट लागतात आणि नीट चालायला काही मिलिअँपिअर करंट. आमच्या ड्राइव्हच्या पुस्तकात किमान ७ मिलिअँपिअर लिहिलं होतं. आमची पिन ३.३ व्होल्टची, तिच्या आतच ०.४ व्होल्ट पडतात. उरले २.९, त्यातून एलईडीचे १.५ वजा, राहिले १.४ व्होल्ट. भागिले २२०, तर ६.४ मिलिअँपिअर. म्हणजे कसाबसा पेटतोय. टेबलावर पेटला. आम्ही खूश झालो.

मशीनवर काय बदललं? वायर सहा मीटर झाली आणि शेजारी स्पिंडलचा इन्व्हर्टर आला. ड्राइव्ह काय आणि इन्व्हर्टर काय, दोघांच्या पोटात एकच काम चालतं. २३० व्होल्ट एसीचे सव्वातीनशे व्होल्ट डीसी करायचे आणि ट्रान्झिस्टरने सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायचे. चालू व्हायला लागतात १०० नॅनोसेकंद किंवा त्याहून कमी. आता मोटरच्या केबलची आणि मशीनच्या सांगाड्याची मिळून एक नको असलेली कपॅसिटन्स असते. फक्त १०० पिकोफॅरड धरा. ३२५ व्होल्ट १०० नॅनोसेकंदांत, गुणिले १०० पिकोफॅरड, उत्तर येतं जवळजवळ ०.३ अँपिअर. प्रत्येक स्विचिंगला तिसरा हिस्सा अँपिअरचा एक फटका अर्थिंगच्या आणि ग्राउंडच्या वायरीतून परत जाणार. दोन मीटर वायरीचं इंडक्टन्स ढोबळ दोन मायक्रोहेन्री. हा करंट ५० नॅनोसेकंदांत चढला तर तिच्या दोन टोकांत क्षणभर १३ व्होल्टचा फरक पडतो. हा हिशोब ढोबळ आहे, प्रत्यक्षात पाच येतील नाहीतर वीस. पण मुद्दा कळला ना? आपण ज्याला 'शून्य' म्हणतो ते ग्राउंड बोर्डपाशी एक असतं आणि ड्राइव्हपाशी दुसरं. आणि आमचा एलईडी पेटवायला फक्त दीड व्होल्ट पुरतात.

म्हणजे स्पिंडल चालू असताना काही वेळा पल्स नसताना एलईडी लुकलुकत होता, आणि काही वेळा पल्स असताना विझत होता. कधी जास्त मोजणी, कधी कमी. म्हणून नक्षी एके दिवशी इकडे आणि एके दिवशी तिकडे.

आता डिफरन्शियल पद्धत. एसटीत शेजारी बसलेली दोन माणसं डोळ्यांपुढे आणा. गाडी खड्ड्यात आदळली की दोघंही एकदम वर उडतात. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटेल केवढी उलथापालथ झाली, पण त्या दोघांच्या खांद्यांच्या उंचीतला फरक तोच राहतो. डिफरन्शियल सिग्नलमध्ये आपण रस्त्यावरून बघत नाही, फक्त त्या फरकाकडे बघतो. दोन तारा असतात. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते. घेणारा फक्त विचारतो, पहिली दुसरीपेक्षा वर आहे की खाली? बाहेरचा धक्का दोन्ही तारांना सारखाच बसला तर उत्तर बदलत नाही.

'सारखाच' हा शब्द महत्त्वाचा आहे. धक्का सारखा बसायचा तर दोन्ही तारा एकाच जागेतून गेल्या पाहिजेत, म्हणून त्यांना पीळ घालायचा. ही युक्ती आजची नाही. टेलिफोनच्या तारांना असा पीळ घालण्याचं पेटंट ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्ये घेतलं होतं. शेजारच्या तारेतली खरखर आपल्या तारेत येऊ नये हाच तेव्हाही प्रश्न होता. पिळामुळे प्रत्येक इंचाला तारा जागा बदलतात, आणि चुंबकीय क्षेत्राने एका वेढ्यात जे व्होल्टेज येतं ते पुढच्या वेढ्यात उलटं येऊन वजा होतं.

आपल्या कामासाठी जे मानक वापरतात त्याचं नाव आरएस-४२२. देणाऱ्याने १०० ओहमच्या भारावर किमान २ व्होल्टचा फरक द्यायचा, घेणाऱ्याने ०.२ व्होल्टचा फरकसुद्धा ओळखायचा, आणि दोन्ही तारा मिळून ७ व्होल्ट वर किंवा खाली गेल्या तरी चुकायचं नाही. हे शेवटचं वाक्य पुष्कळ लोक वाचत नाहीत. सात व्होल्ट, सत्तर नाही. मघाशी आपण १३ व्होल्टचा धक्का काढला होता. म्हणजे डिफरन्शियल म्हणजे जादू नव्हे. ग्राउंडची वायर, शील्ड, केबलचा मार्ग हे सगळं तरीही नीट लागतंच.

प्रत्यक्ष जोडणी फार सोपी आहे. मध्ये एक चिप टाकायची, २६एलएस३१ किंवा तिची सीमॉस बहीण २६सी३१. एका चिपमध्ये चार लाइन ड्रायव्हर असतात, म्हणजे दोन अक्षांचे पल्स आणि दिशा एकाच चिपमध्ये बसतात. चिपला ५ व्होल्ट द्यायचे. आता कोणी म्हणेल, आमचा बोर्ड ३.३ व्होल्टचा, मध्ये लेव्हल बदलायला काही लागेल का? नाही लागत. या चिपच्या इनपुटला २ व्होल्टच्या वर गेलं की तो 'एक' वाटतो. ३.३ भरपूर झाले.

३.३ व्होल्टवर चालणारी २६एलव्ही३१ पण मिळते. ती बोर्डवर सोयीची, म्हणून आम्ही आधी तीच मागवणार होतो. पण पुन्हा तो एलईडीचा हिशोब करा. तिच्या दोन तारांत फरक मिळणार सव्वादोन-अडीच व्होल्टचा. दीड वजा केले की उरतो एक, आणि करंट येतो चार-पाच मिलिअँपिअर. थेट पिनपेक्षाही वाईट! ५ व्होल्टच्या चिपमध्ये फरक मिळतो ३.४ च्या आसपास, करंट साडेआठ. पुस्तकातल्या ७ च्या वर. ड्राइव्हच्या आत ऑप्टोकपलर असेल तर ५ व्होल्टचीच चिप घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण खरा फायदा या दोन मिलिअँपिअरांचा नाही. थेट पिन लावली होती तेव्हा पल्स नसताना एलईडीवर शून्य व्होल्ट होते. खोटा पल्स यायला दीड व्होल्टचा धक्का पुरे. लाइन ड्रायव्हर लावल्यावर पल्स नसताना एलईडीवर शून्य नसतं, उलटे ३.४ व्होल्ट असतात. आता तो खोटा पेटायचा तर दोन तारांमधला फरक जवळजवळ पाच व्होल्टनी बदलायला हवा, आणि तोही पीळ घातलेल्या तारांत. शिवाय एलईडी विझवतानाही चिप जोर लावते, तो आपोआप विझण्याची वाट बघत नाही. म्हणूनच बऱ्याच ड्राइव्हच्या पुस्तकात एकाच इनपुटला दोन मर्यादा लिहिलेल्या असतात, ओपन कलेक्टरने २०० किलोहर्ट्झ आणि लाइन ड्रायव्हरने ५००. आपल्याला लागतात २५०. म्हणजे काकांचं मशीन आमच्या जुन्या पद्धतीने पूर्ण वेगाला कधीच गेलं नसतं.

काही ड्राइव्हमध्ये ऑप्टोकपलरशिवाय आणखी एक वेगवान इनपुट असतं, थेट लाइन रिसीव्हरचं. तिथे मात्र 'मायनस ग्राउंडला लावा' हा शॉर्टकट अजिबात चालत नाही. पिन शून्यावर असताना दोन्ही तारा शून्यावर, फरक शून्य. आणि रिसीव्हरला तर अधिक ०.२ किंवा उणे ०.२ च्या पलीकडचंच कळतं. शून्य हे त्याच्यासाठी 'नाही' नव्हे, 'माहीत नाही' आहे. तो मनाला येईल ते उत्तर देतो. दुसरं म्हणजे, या इनपुटला आपलं ग्राउंड आणि ड्राइव्हचं सिग्नल ग्राउंड जोडावंच लागतं, नाहीतर ती ७ व्होल्टची मर्यादा कशाच्या तुलनेत पाळायची? ऑप्टोकपलरच्या इनपुटला ग्राउंड जोडायची गरज नसते, आणि जोडू नये हेच बरं.

दोन बारीक गोष्टी. बोर्ड रीसेट होतो तेव्हा त्याच्या पिना काही क्षण अधांतरी असतात. अधांतरी पिनेवर चिपने मनाने पल्स काढले तर मोटर झटका मारते, आणि कोणाचा तरी हात तिथे असू शकतो. म्हणून चिपच्या प्रत्येक इनपुटपासून ग्राउंडला एक रेझिस्टर लावा. आणि चिपच्या सप्लाय पिनेला अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. इमर्जन्सी स्टॉप मात्र या कशातूनच न्यायचा नाही, तो वेगळ्या वायरीने थेट ड्राइव्हची ताकद तोडणारा हवा.

केबलसाठी महागडं काही शोधत बसू नका. शील्ड असलेली नेटवर्कची कॅट-५ केबल उत्तम चालते, तिचा इम्पीडन्स १०० ओहम आहे आणि आरएस-४२२ ला तेच हवं असतं. हलणाऱ्या ड्रॅग चेनमध्ये मात्र ती तुटते, तिथे लवचीक केबलच घ्या. एक चूक आम्ही अनेकदा पाहिली आहे. पल्स प्लस नारिंगी तारेवर आणि पल्स मायनस हिरव्या तारेवर. पीळ आहे, पण दुसऱ्याच तारेशी! नारिंगीची जोडीदार पांढरी-नारिंगी. जोडी मोडली की सगळी मेहनत पाण्यात. मोटरच्या केबलपासून निदान एक फूट लांब राहा, ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा. शील्ड कुठे जोडायचं यावर दोन अभियंते एकत्र आले की भांडण ठरलेलं. आमचा अनुभव असा, की ड्राइव्हच्या टोकाला तरी ते पट्टीखाली गोल दाबून बसवावं. शील्डची लांब शेपटी काढून स्क्रूला लावली की उच्च वारंवारतेला ती शेपटीच अडथळा होते.

उलट दिशेने, म्हणजे ड्राइव्हकडून आपल्याकडे एन्कोडरचे ए, बी, झेड हे सिग्नल येतात, तेही डिफरन्शियल. त्यांना २६एलव्ही३२ सारखा रिसीव्हर लावा, प्रत्येक जोडीवर आपल्या टोकाला १२० ओहम. ५ व्होल्टचा रिसीव्हर वापरलात तर बोर्डची पिन ५ व्होल्ट सोसणारी आहे का ते बघा. एसटीएम३२एफ१०३ वर पीबी६ आणि पीबी७ सोसतात, पीए० आणि पीए१ सोसत नाहीत. आणि नेमक्या त्याच दोन पिना घाईत पहिल्यांदा हाताशी येतात.

आता परत काकांकडे. लाइन ड्रायव्हर बसवला, केबल बदलली. स्पिंडल चालू ठेवून तासभर हवेत कोरीवकाम चालवलं. अडीच मिलिमीटरची सरक गेली. आम्ही निघायच्या तयारीत, तेवढ्यात काकांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "थांबा हो, अजून सरकतंय." खरंच, अर्धा-पाऊण मिलिमीटर, आणि आता नेहमी एकाच बाजूला. स्पिंडल बंद ठेवला तरी तेवढंच.

इथे आम्ही शेवटी अक्कल वापरली. ड्राइव्हच्या डिस्प्लेवर 'मिळालेले पल्स' दाखवणारा आकडा असतो. तो शून्य केला. बोर्डकडून एका दिशेने दहा लाख पल्स पाठवले, परत दहा लाख. आकडा शून्यावर परत आला. म्हणजे पल्स हरवत नाहीत. मग तेच अंतर शंभर छोट्या येरझाऱ्यांत केलं. आकडा २०० ने चुकला. येरझारीमागे बरोबर दोन पल्स. चूक अंतराबरोबर नाही, दिशा बदलण्याबरोबर वाढत होती. नक्षीत शेकडो येरझाऱ्या असतात. दोन पल्स म्हणजे ०.००४ मिलिमीटर, अडीचशे येरझाऱ्यांना एक मिलिमीटर.

कारण सांगायला लाज वाटते. नवीन कनेक्टर करताना आम्ही पल्सची प्लस-मायनस उलटी लावली होती. ड्राइव्ह पल्सच्या चढत्या कडेला मोजतो. आमचा प्रोग्राम पल्स संपला की लगेच दिशा बदलायचा आणि मग पुढच्या पल्सआधी ५ मायक्रोसेकंद थांबायचा. जोडणी सरळ असती तर हे बरोबर होतं. उलटी झाल्यावर ड्राइव्ह पल्सच्या शेवटच्या कडेला मोजू लागला, म्हणजे नेमका दिशा बदलते त्याच क्षणी. ऑप्टोकपलर पेटायला आणि विझायला वेगवेगळा वेळ घेतो, त्यामुळे एका बाजूला वळताना दिशा पल्सच्या आधी पोचायची आणि शेवटचा पल्स उलट मोजला जायचा. एक वजा व्हायचा त्याऐवजी अधिक, म्हणून दोनाचा फरक. दुसऱ्या बाजूला वळताना दिशा उशिरा पोचायची, तिथे चूक नाही. म्हणून सरक नेहमी एकीकडेच. ही चूक पहिल्या दिवसापासून असती तर आधीच्या गोंगाटात दिसलीही नसती. दोन तारा अदलाबदल केल्या, पुन्हा शंभर येरझाऱ्या मारल्या, आकडा शून्य. वाया गेलेल्या फळ्यांचे पैसे आम्ही बिलातून वजा केले, काकांनी निम्मेच वजा करू दिले.

एका ताईंचा प्रश्न आहे, की २६एलएस३१ आमच्या गावात मिळत नाही, पण मॅक्स४८५ चं छोटं मॉड्यूल सगळीकडे मिळतं, ते चालेल का? चालेल. एका सिग्नलला एक मॉड्यूल लागेल. डीई आणि आरई या दोन्ही पिना ५ व्होल्टला बांधून टाका, म्हणजे ते कायम 'देणारं' राहील. सिग्नल डीआय पिनेला द्या, ए तार प्लसला, बी तार मायनसला. मॉड्यूलवर ए आणि बी यांच्यामध्ये १२० ओहमचा रेझिस्टर आधीच बसवलेला असतो. समोर ऑप्टोकपलर असेल तर तो काढून टाका, कारण एलईडीला हवा असलेला करंट तो आधी स्वतः पिऊन घेतो. आणि चिपवरचा नंबर नीट वाचा, मॅक्स४८७ मुद्दाम संथ केलेली आहे, सेकंदाला अडीच लाख बिटांपुरती. आपल्या २५० किलोहर्ट्झच्या पल्सला ती पुरणार नाही. एका पल्समध्ये एक चढ आणि एक उतार असतो, म्हणजे बिटांच्या भाषेत तो दुप्पट धरायचा.